बाविसावा दिवा

१

दुपारचा चहा झाला की काका कपबश्या विसळून पालथ्या घालायचे, हात पुसायचे आणि खोलीचा जाड पडदा ओढून घ्यायचे. घड्याळात तेव्हा चार वाजलेले असायचे. मग पार्टिशनच्या पलीकडून काकूंचा आवाज यायचा, "झाली वाटतं वेळ. जा, भेटा माझ्या सवतींना."

सवती एकवीस होत्या आणि एकीलाही तोंड नव्हतं, एवढीच काय ती काकूंची सोय. जुन्या ॲम्ब्युलन्सच्या, अग्निशमनाच्या बंबांच्या, पोलिसांच्या जीपच्या टपावर जे फिरते दिवे असायचे ते काका गोळा करायचे. हल्ली गाड्यांवर नुसती लुकलुकणारी पट्टी असते. तिला दिवा म्हणायला काकांची जीभ रेटत नसे. दिवा कसा, तर मधोमध एक बल्ब, त्याच्याभोवती मोटरवर फिरणारा वाकडा आरसा आणि वर रंगीत टोपण. बंबावरचा पितळी बुडाचा लाल होता, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या क्रेनवरचा पिवळा होता, आणि एक निळा इतका म्हातारा होता की फिरायला लागण्याआधी घसा खाकरायचा. आळीतल्या लोकांनी त्यांचं नावच दिवेवाले काका पाडलं होतं.

एकेक दिवा दोन मिनिटं फिरवायचा, मोटरला कान लावायचा, बंद करायचा, पुढचा घ्यायचा. दिवा फिरवला नाही तर बेअरिंग धरतं, म्हणजे जागीच अडकून बसतं. एकतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलेल्या माणसाला धरलेला दिवा बघवत नाही.

पार्टिशन मागच्या वर्षीचं. काकूंच्या हृदयाने एकदा दगा दिला, तेव्हापासून त्यांना जिना बंद झाला. काकांनी खालच्या खोलीत प्लायवूडची भिंत उभी केली. अलीकडे दिवे, पलीकडे काकूंची खाट. "धावपळ नको, धक्का नको," डॉक्टर म्हणाले होते. "पुन्हा झालं तर मात्र मिनिटं मोजावी लागतील." काकूंनी ते हसण्यावारी नेलं. काकांना हसता आलं नाही. दुसऱ्यांच्या माणसांसाठी त्यांनी जन्मभर मिनिटं मोजली होती, आणि आता त्यांच्या जिवाला एकच घोर होता: आपल्या घरची वेळ येईल तेव्हा आपण हाताच्या अंतरावर असू आणि तरीही आपल्याला उशीर होईल.

२

बाविसावा दिवा भंगारवाल्याने आणला. तो दारातूनच ओरडला, "काका, तुमच्या नावाने बाजूला ठेवलाय. टोपण फुटकं आहे, पण आतलं काम पक्कं आहे बघा."

काकांनी दिवा उजेडात धरला. लाल टोपणाला वरपासून खालपर्यंत तडा होता, आणि तो तडा कुणीतरी लाल रंगाने भरला होता. टोपणाचा लाल वेगळा, भरलेला लाल वेगळा. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि तसेच पार्टिशनपलीकडे गेले.

"ओळख बघू."

काकूंनी चष्मा लावला. "अगोबाई! माझी नखपॉलिश!"

तीच होती. नणंदेच्या लग्नासाठी आणलेली बाटली. काकूंनी एकदाच लावली आणि मग ती कपाटातून गायब झाली. डेपोतून नवं टोपण महिन्याभराने मिळणार होतं, तोवर पावसाचं पाणी आत जाऊन मोटर जळली असती, म्हणून काकांनी चोरी केली होती.

"सव्वीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "तेव्हा भांडले होते मी तुमच्याशी. दोन दिवस बोलले नव्हते. आता बघा, परत आली माझी बाटली." त्या अगदी मनापासून खूश झाल्या होत्या. "म्हणजे ही तुमचीच गाडी की हो!"

"माझीच," काका म्हणाले. हसलेही, पण जरा उशिरा हसले.

३

त्या दुपारी एकवीस जणींची हजेरी झाल्यावर काकांनी बाविसावा जोडला. बॅटरीच्या तारा लावल्या, बटण दाबलं. आरसा एकदा अडला, मग निघाला. लाल उजेड मांडणीवरून, पडद्यावरून, पार्टिशनवरून, काकांच्या पोटावरून फिरून पुन्हा मांडणीवर आला. काकांनी मोटरला कान लावला. माणसांचे आवाज विसरतात, हा आवाज ते विसरले नव्हते.

दोन मिनिटं झाली. त्यांनी दिवा बंद केला.

पाठीमागे टक्, टक्, टक् असे तीन ठोके पडले.

"काय गं?" काका म्हणाले. "पाणी हवंय?"

"मला? नाही बाई," पलीकडून काकू म्हणाल्या. "तुम्हीच ठोकलंत ना? मी म्हटलं, झालं का पूर्ण संमेलन."

काकांनी वळून पार्टिशनकडे पाहिलं. प्लायवूड होतं, त्यावर एक कॅलेंडर होतं. बल्बच्या उबेने लाकूड ताणलं असेल, गार होताना कडकडलं असेल. लाकडाला असं होतं. पण लाकूड सारख्या अंतराने तीनदा कडकडत नाही, आणि हा आवाज लाकडाचा नव्हताच. बोटाच्या पेराने दार वाजवावं तसाही नव्हता. त्यात काहीतरी धातूचं होतं.

त्यांनी दिवा पुन्हा लावला. शांत. बंद केला. टक्, टक्, टक्.

काका मुळात शंकेखोर माणूस. गाडीतली खरखरसुद्धा उगमापर्यंत शोधल्याशिवाय ते सोडत नसत. पुढच्या आठवडाभरात त्यांनी कॅलेंडर उतरवलं, पार्टिशनचे खिळे घट्ट केले, मांडणी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. बाकीचे एकवीस दिवे लावून-विझवून पाहिले; एकानेही चूं केलं नाही. मग खुर्ची फिरवून ते पार्टिशनकडे तोंड करून बसले, डोळे त्यावर रोखले आणि हात मागे नेऊन दिवा बंद केला. ठोके पाठीमागून, खिडकीच्या बाजूने आले. दिवा स्वयंपाकघरात नेला, ओट्यापाशी उभं राहून विझवला. ठोके पाठीमागच्या कपाटावर पडले.

कुठेही बसा, कसंही बसा, ठोके पाठीमागूनच यायचे. ड्रायव्हरला जिथून यायला हवेत तिथूनच.

४

डेपोत एक रीत होती. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती, पण नव्या ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात सांगितली जायची. पेशंट वाटेतच गेला, तर मागे बसलेला मदतनीस ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पार्टिशनवर तळहाताने एक थाप मारायचा. मग ड्रायव्हरने भोंगा बंद करायचा, दिवा घालवायचा आणि गाडी सावकाश न्यायची. ज्याची घाई संपली त्याच्यासाठी रस्त्यावरच्या जित्या माणसांना धोक्यात घालायचं नाही. पुढे नातेवाईक बसलेले असत. त्यांनी विचारलंच, दिवा का बंद केला, तर 'जवळ आलं आता' एवढंच म्हणायचं. बाकीचं डॉक्टर सांगतील.

सव्वीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, काकांच्या गाडीत एक शिंपी होता. शिवता शिवता मशीनवरच कोसळलेला. गळ्यात मोजायची टेप तशीच, मधल्या बोटात सुई ढकलायचं धातूचं अंगुस्तान तसंच. ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याची बायको पुढे, काकांच्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर त्याचा चष्मा होता आणि तो तिने दोन्ही हातांनी धरला होता.

अर्ध्या वाटेत काकांनी वरच्या आरशातून मागे पाहिलं. पार्टिशनच्या चौकोनी काचेतून मदतनीस दिसत होता. त्याने पेशंटच्या छातीवरचे हात काढले आणि तो मागे सरून बसला. काकांनी तसं सरून बसणं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पहाटेपासूनची ती पाचवी फेरी होती. त्यांनी थापेची वाट पाहिली नाही. हात आपोआप गेला आणि दिवा घालवला.

"दिवा का बंद केला हो?" बाईंनी विचारलं.

"जवळ आलं आता," काका म्हणाले.

आणि पाठीमागून टक्, टक्, टक्.

काकांनी दचकून आरशात पाहिलं. मदतनीस खाली वाकून ऑक्सिजनचा सिलिंडर बदलत होता. सरून बसला होता तो एवढ्यासाठीच. काकांनी झटकन दिवा लावला, भोंगा लावला. पण तेवढ्यात पुढच्या ट्रकने, जो बाजूला होत होता, पुन्हा रस्ता धरला, आणि त्याच्यापुढे रेल्वेचं फाटक पडलं. सात मिनिटं ते फाटकात उभे होते. रुग्णालयाच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "आत्ताच गेले. पाच मिनिटं झाली असतील फार तर."

ही गोष्ट काकांनी घरी कधीच सांगितली नव्हती. त्या दिवसानंतर थाप ऐकू आली तरी गाडी कडेला घेऊन, मागे जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी दिवा घालवला नाही. डेपोत लोक त्यांची टिंगल करायचे. करू देत, असं त्यांनी ठरवलं होतं.

५

तो मदतनीस म्हणजे बारक्या. डेपोत आला तेव्हा काडीसारखा होता. आता दारातून तिरका होऊन यायचा, पण नाव बारक्याच राहिलं होतं. महिन्यातून एकदा तो काकूंची तब्येत विचारायला यायचा आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलून जायचा.

"ड्रायव्हरसाहेब, काय अवकळा ही," तो म्हणाला. "झोपत नाहीस का? डोळे बघ कसे गेलेत खोल."

काकांनी त्याच्या हातात चहा दिला, काहीएक न बोलता बाविसावा दिवा लावला, थोडा वेळ जाऊ दिला आणि बंद केला.

टक्, टक्, टक्.

बारक्याने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"ओळखलास?" काकांनी आवाज खाली घेऊन विचारलं. पलीकडे काकूंचा डोळा लागला होता.

"हा... हा त्या दिवशीचा आवाज."

"त्या दिवशी तूच ठोकलंस ना? दिवा लाव म्हणून?"

बारक्या त्यांच्याकडे बघत राहिला. "मी? अरे माझे दोन्ही हात सिलिंडरला होते. आणि मी ठोकतो तेव्हा थाप मारतो, तुला माहीत नाही? तो आवाज मीपण ऐकला. मला वाटलं त्या बाईंनी पुढे काहीतरी आपटलं."

"बाई माझ्या शेजारी होत्या. दोन्ही हातांत चष्मा होता."

बारक्याने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि त्या हातांकडे पाहिलं. ते सव्वीस वर्षांपूर्वी कुठे होते हे त्यांनाच विचारावं, तसं.

"म्हणजे तो होता," तो म्हणाला. "आपण दोघांनीही... अरे, मी तर पाठ करून वाकलो होतो त्याच्याकडे."

पाठीमागे पुन्हा टक्, टक्, टक्. या वेळी जरा घाईने.

"ड्रायव्हर, दिवा लाव," बारक्या म्हणाला. "आधी लाव."

काकांनी लावला. ठोके थांबले. बारक्याने कपाळ पुसलं. "देऊन टाक हा. भंगारवाल्याला परत दे, नाहीतर विहिरीत टाक. घरात आजारी माणूस आहे तुझ्या."

"एकदा घालवला तेवढं पुरे नाही का?" काका म्हणाले.

जाताना बारक्याने बशीतला चहा स्वतःच पुसला.

त्या दिवसापासून दिवा अखंड फिरू लागला. काका बॅटऱ्या आलटून पालटून चार्ज करत. पार्टिशन छतापर्यंत नव्हतं, त्यामुळे काकूंच्या भिंतीवरही वरच्या कडेने एक लाल पट्टा फिरत राहायचा. काका भीत भीत म्हणाले, "त्रास होत असेल तर सांग."

"छे, उलट बरं वाटतं," काकू म्हणाल्या. "डोळे उघडले की कळतं, कुणीतरी जागं आहे."

६

अखंड फिरणाऱ्या मोटरला तेल लागतं, आणि तेल घालायला दिवा थांबवावा लागतो. दर शनिवारी सकाळी साडेदहाला काका तो थांबवायचे. टोपणाचे तीन स्क्रू काढायचे, आरसा उचलायचा, दोन थेंब सोडायचे, पुन्हा तीन स्क्रू. तेवढा वेळ पाठीमागे टक्टक् सुरू असायची. माणसाला कशाचीही सवय होते. पहिल्या शनिवारी काका दर ठोक्याला मागे वळून पाहत होते. पाचव्या शनिवारी ते मान खाली घालून, "हो हो, थांबा जरा, लावतोच आहे," असं पुटपुटत काम करायचे. शेजारी रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं, इतकं ते सहज झालं होतं.

त्या शनिवारीही तसंच झालं. काका खिडकीपाशी, पार्टिशनकडे पाठ. दिवा बंद केला. टक्, टक्, टक्.

"हो हो. जरा दम धरा."

तेलाचे थेंब सोडले. टोपण बसवलं. पहिला स्क्रू. ठोके जोरात येऊ लागले. "अहो, लावतो म्हटलं ना!" दुसरा स्क्रू. तिसऱ्याचा आटा जरा तिरपा गेला, तो काढून पुन्हा बसवला. मग त्यांनी बटण दाबलं, लाल उजेड टेबलावरून फिरला आणि काकांनी फडक्याला हात पुसले.

टक्टक् सुरूच होती.

"लावला की!" काका जरा चिडूनच म्हणाले. तारा तपासल्या. बॅटरी बघितली. आरसा नीट फिरत होता. उजेड त्यांच्या हातांवरून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. ठोके आता तीन-तीनचे नव्हते, सलग होते. दिवा तर चालू आहे, काकांच्या मनात आलं. दिवा चालू आहे, मग कशासाठी ठोकतंय?

हातातलं फडकं तिथेच टाकून ते पार्टिशनपलीकडे धावले.

काकू खाटेवरून अर्ध्या खाली घसरल्या होत्या. गाल पार्टिशनला टेकलेला, ओठ निळे, एक हात अंगाखाली अडकलेला. काकांनी त्यांना सरळ केलं, जमिनीवर घेतलं, फोन लावला आणि छातीवर हात ठेवून दाबायला सुरुवात केली. तोंडाने ते आकडे मोजत होते, पण डोक्यात दुसराच हिशेब चालला होता. तीन स्क्रू बसवायला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं नीट कुणाला माहीत नव्हतं.

७

ॲम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली. चालवणारी मुलगी त्यांना लेक शोभेल एवढी होती. मागे एक तरुण मदतनीस होता. त्याने काकांना बाजूला केलं आणि म्हणाला, "काका, चांगलं दाबत होतात. आता आम्ही बघतो. तुम्ही पुढे बसा."

जन्मात पहिल्यांदा काका त्या बाजूच्या सीटवर बसले. गाडी निघाल्यावर त्यांना दिसलं की आपल्या मांडीवर काकूंचा चष्मा आहे. तो कधी उचलला हे त्यांना आठवेना.

मुलगी हुशार होती. वळणं आधीच ओळखत होती. दुकानांच्या काचांवरून त्यांच्या गाडीच्या दिव्याची लाल-निळी लकलक पुढे पुढे पळत होती आणि गाड्या बाजूला होत होत्या. काका त्या काचांकडेच बघत होते. बाजारपेठेच्या तोंडाशी मुलीने आरशात पाहिलं. एकदाच, ओझरतं. आणि पुढच्या दुकानाच्या काचेत लकलक दिसली नाही.

काकांना विचारायचं नव्हतं. उत्तर त्यांना पाठ होतं. तरी तोंडातून गेलंच, "दिवा का बंद केला गं?"

"जवळ आलंय, काका," मुलगी म्हणाली. आवाजात माया होती. काकांच्याही आवाजात त्या दिवशी होती.

चष्म्याची काडी त्यांच्या मुठीत वाकली. समोर एक बस बाजूला होता होता पुन्हा रस्त्यात आली.

टक्, टक्, टक्.

मुलगी दचकली. "मागून ठोकलं कुणी?"

"आरशात बघ," काका म्हणाले. "त्याचे हात बघ."

मदतनिसाचे दोन्ही हात यंत्राच्या तारांत गुंतले होते. तो पार्टिशनकडे पाठ करून, वाकून बसला होता.

"दिवा लाव, पोरी," काका म्हणाले. "मी एकतीस वर्षं हेच काम केलंय. मागून थाप येईपर्यंत घालवायचा नसतो. तू वाट नाही बघितलीस. मीही नव्हती बघितली. लाव! ती आहे अजून."

तिने वाद घातला नाही. लकलक पुन्हा काचांवर आली, भोंगा वाजला, बस फुटपाथला चिकटली. काका दोन्ही हातांनी चष्मा धरून बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही, कारण आरशात पाहिलं तर माणसं किती आहेत ते मोजावं लागलं असतं.

रुग्णालयात दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "अगदी दोन मिनिटं इकडची तिकडे झाली असती, तर मी काही करू शकलो नसतो."

काका भिंतीला टेकून खाली बसले आणि लोकांदेखत हमसून रडले.

८

अठरा दिवसांनी काकू घरी आल्या. किल्ली बारक्याकडे होती. दार उघडल्याबरोबर आत भिंतीवरून लाल उजेड फिरताना दिसला.

"माझ्याकडे असं बघू नकोस," बारक्या म्हणाला. "मी रोज येऊन बॅटरी बदलत होतो. बंद करायला सांगशील तर मला जमायचं नाही, बाबा."

काकांच्या सांगण्यावरून बारक्याने त्याच सकाळी पार्टिशन काढलं होतं. आता काकांच्या खुर्चीवरून काकूंची खाट सरळ समोर दिसत होती. बारक्या गेल्यावर काकांनी काकूंना उशीला टेकवून बसवलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं ओठांवर आलं.

"माझं चुकलं. तू ठोकत होतीस आणि मी स्क्रू बसवत होतो. मला वाटलं..."

"मी?" काकू म्हणाल्या. "मी कुठली ठोकते? माझा हात अंगाखाली अडकला होता. बोट हलत नव्हतं माझं."

"मग?"

"ते बसले होते ना उशाशी. मला वाटलं तुम्हीच कुणाला बोलावलंत. गळ्यात मोजायची टेप होती त्यांच्या. बोटात अंगुस्तान होतं, त्याने ठोकत होते सारखे. गाडीतही होते, माझ्या पायाशी." त्यांनी काकांकडे पाहिलं. "कोण हो ते? ओळखीचे आहेत?"

काकांनी सांगितलं. सगळं सांगितलं, आरशापासून फाटकापर्यंत. शेवटी काकांनी विचारलं, "रागावलेले वाटले का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "घाबरलेले वाटले. वाटेतल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा. पोचलो का, पोचलो का, असा. त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही."

चार वाजत आले होते. काका उठले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. खुर्ची खाटेसमोर ओढली, बाविसावा दिवा मांडीवर घेतला. नखपॉलिशच्या रेघेवरून अंगठा फिरवला. आजवर त्यांनी तो पन्नासदा विझवला असेल, पण विझवून बोलले कधीच नव्हते.

त्यांनी बटण दाबलं. आरसा फिरत फिरत मंदावला आणि थांबला. खोली करडी झाली.

"त्या दिवशी मी थांबायला हवं होतं," काका म्हणाले. "तुम्ही ठोकलंत ते मी ऐकलं होतं. फाटक पडलं, पण फाटकाचा दोष नाही. आधी मीच घालवला. माझ्या हातून झालं. आणि तुम्ही माझं माणूस वाचवलंत."

ते ठोक्यांची वाट बघत राहिले. ठोकायला आता पार्टिशनही नव्हतं. घड्याळ टिकटिकत होतं. रस्त्यावरून एक सायकल गेली. ठोके आले नाहीत.

काकांनी सुस्कारा सोडला आणि काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या त्यांच्या खांद्यावरून मागे, जरा वर बघत होत्या. मग ते जे होतं ते काकांना वळसा घालून खाटेकडे आलं असावं, कारण काकूंची नजर हळूहळू तशी सरकत आली. त्यांनी चादर सारखी केली आणि कुणाला बसायला जागा करून द्यावी, तसे दोन्ही पाय आवरून घेतले.

गादीचा तो कोपरा किंचित खाली गेला.

"लावा तो," काकू हळूच म्हणाल्या. आल्यागेल्यासमोर नवऱ्याला सांगतात तशा सुरात. "किती वेळ अंधारात बसवायचं माणसाला?"

काकांनी गादीच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बटण दाबलं, आणि आरसा फिरायला लागेपर्यंत टोपणावर हात ठेवून बसले.